जागेपणी घ्यावयाचे कमरेचे इंजेक्शन : पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

कंबरदुखी हा आता केवळ म्हातारपणाचा आजार राहिलेला नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत आठ-आठ तास उभे राहणारा कामगार, बांधकामावर विटा-वाळू वाहणारी भगिनी, खड्ड्यांतून रिक्षा चालवणारा तरुण, खुर्चीला खिळलेला कारकून आणि घरातील पाणी भरण्यापासून धुणीभांड्यांपर्यंतची सगळी कामे उरकणारी आई, या साऱ्यांचे दुखणे एकच. प्रथम मालीश होते, मग दुकानातून गोळ्या येतात आणि पुढे कमरेतून निघालेली कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली म्हणजे एम. आर. आय. काढला जातो. 'गादी सरकली आहे, नस दबते आहे, कमरेत इंजेक्शन देऊन पाहू,' असे डॉक्टर सांगतात. त्यातच 'गुंगी देणार नाही, तुम्ही जागेच राहाल,' हे वाक्य कानी पडले की रुग्णाचा धीर सुटतो.

मग वस्तीतील चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, मणक्यात सुई घातली की पाय कायमचे जातात. कोणी म्हणतो, एकदा घेतले की जन्मभर घ्यावे लागते. परिणाम असा, की काही जण वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या खात राहतात आणि जठर व मूत्रपिंडे खराब करून घेतात. काही जण काहीही न विचारता सही करून टेबलावर जातात आणि नंतरच्या साध्यासुध्या त्रासाने घाबरून जातात. दोन्ही गोष्टी अज्ञानातून होतात. म्हणून या उपचाराची माहिती समाजबांधवांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना असावी, यासाठी हा लेखनप्रपंच. येथील माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नसून, तो सल्ला नीट समजावा यासाठी आहे.

हे इंजेक्शन म्हणजे काय ?

आपल्या मज्जारज्जूभोवती आणि त्यातून निघणाऱ्या नसांभोवती एक आवरण असते. त्या आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत औषध सोडणे म्हणजे एपिड्युरल इंजेक्शन. ही सुई मज्जारज्जूत टोचली जात नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. मज्जारज्जू प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि कमरेची बहुतेक इंजेक्शने त्याच्या खाली दिली जातात. याशिवाय मणक्यांच्या लहान सांध्यांत, त्या सांध्यांच्या बारीक नसांजवळ, किंवा माकडहाड व नितंबाच्या हाडामधील सांध्यातही इंजेक्शने देतात. आपल्याला यांपैकी कोणते द्यावयाचे आहे, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

सुईतून दोन औषधे जातात. पहिले लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले हे औषध दात काढताना आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेले असते. दुसरे स्टेरॉइड. दबलेल्या नसेभोवतीची सूज व दाह ते कमी करते. या जातीचे कॉर्टिसोन सांधेदुखीच्या रुग्णांना प्रथम १९४८ साली अमेरिकेत देण्यात आले आणि त्या कार्याला १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाठीच्या कण्याच्या तळातून एपिड्युरल पोकळीत औषध सोडण्याची पद्धत तर त्याहून जुनी, १९०१ सालची, पॅरिसमधील आहे. म्हणजे हा काही कालपरवाचा प्रयोग नव्हे. पूर्वी सुई अंदाजाने घालीत, आता सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहून घालतात, एवढा मोठा फरक झाला आहे.

गुंगी का देत नाहीत ?

गुंगी न देणे म्हणजे वेदना सहन करायला लावणे नव्हे. त्वचा आणि तिच्याखालचा भाग बधिर केलाच जातो, फक्त माणूस जागा असतो. याची कारणे तीन आहेत. पहिले कारण सुरक्षिततेचे. सुई नसेला लागली तर जागा माणूस तत्काळ सांगतो आणि डॉक्टर सुई मागे घेतात. गुंगीतला माणूस हे सांगू शकत नाही. दुसरे कारण निदानाचे. कोणत्या सांध्यामुळे किंवा नसेमुळे दुखते हे तपासण्यासाठी इंजेक्शन दिले असेल, तर गुंगीच्या औषधानेच वेदना कमी वाटून निदान चुकू शकते. तिसरे कारण सोयीचे. गुंगीमुळे श्वासावर होणारा परिणाम, मळमळ आणि सुस्ती टळते व रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला याचे मोल सांगण्याची गरज नाही. ज्यांना भीतीने स्थिर पडणे अशक्यच आहे, अशांना सौम्य औषध देता येते. ते आधीच मोकळेपणाने सांगावे.

धम्मातील रुग्ण आणि परिचारक

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. त्यानंतर भगवंतांनी भिक्खूसंघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याचा उपदेश केला, आणि चांगला रुग्ण कोणता व चांगला परिचारक कोणता याची प्रत्येकी पाच लक्षणे सांगितली.

चांगला रुग्ण हितकारक तेच करतो. हितकारक गोष्टीचेही प्रमाण जाणतो. औषध घेतो. आपला आजार वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, आहे तसाच असेल तर तसा, खरा खरा सांगतो. आणि शरीराची वेदना सोसण्याचे बळ बाळगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाच लक्षणे आजच्या सी-आर्मच्या खोलीतही तंतोतंत लागू पडतात. गुंगी न देण्यामागे तर चौथे लक्षणच उभे आहे. जागा राहून खरे सांगणारा रुग्ण हा डॉक्टरांचा निम्मा आधार असतो. 'सोसणे' याचा अर्थ मात्र ओठ मिटून गप्प बसणे असा कोणी करू नये. सोसणे आणि सांगणे ही दोन्ही लक्षणे एकाच यादीत आहेत.

आधीची तयारी

इंजेक्शनच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात.

१) रक्त पातळ करणारी औषधे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगाव्यातच. यामुळे मणक्यात रक्तस्राव होऊन नसा दाबल्या जाण्याचा धोका असतो. परंतु या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे त्याहूनही घातक ठरू शकते. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने गोळी अचानक थांबवली तर गाठ होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि जे डॉक्टर इंजेक्शन देणार, त्या दोघांनी मिळून निर्णय घ्यावा.

२) मधुमेह. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर काही दिवस वाढते. साखर आधीच फार वाढलेली असेल तर इंजेक्शन पुढे ढकलावे लागते.

३) ताप, खोकला, लघवीची जळजळ, दाताचे गळू, पाठीवर फोड किंवा कोणताही जंतुसंसर्ग. क्षयरोगाचे किंवा एच. आय. व्ही.चे उपचार चालू असल्यास तेही लपवू नये. एच. आय. व्ही.च्या काही औषधांबरोबर स्टेरॉइडचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो.

४) अ‍ॅलर्जी. बधिर करणारे औषध, आयोडीन किंवा क्ष-किरण तपासणीतील रंगद्रव्य, चिकटपट्टी यांपैकी कशाचाही पूर्वी त्रास झाला असल्यास सांगावे.

५) गर्भारपण किंवा त्याची शक्यता. क्ष-किरणांमुळे हे सांगणे अत्यावश्यक आहे. नवविवाहित भगिनींनी येथे संकोच करू नये.

६) काचबिंदू, मूत्रपिंडाचा आजार, हाडांची झीज, आणि यापूर्वी घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने. गुडघ्यात घेतलेले इंजेक्शनही मोजावे.

गुंगी नसल्यामुळे बहुधा कडक उपाशी राहावे लागत नाही. हलका नाश्ता चालतो. तरी रुग्णालयाची सूचना काय आहे ते विचारून त्याप्रमाणे वागावे. इन्सुलिन घेऊन उपाशी राहण्याची चूक कोणी करू नये. रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी की नाही, हेही विचारून ठेवावे. आदल्या दिवशी अंघोळ करून स्वच्छ, सैल कपडे घालावेत. दागिने घरी ठेवावेत. जुने कागद, एम. आर. आय.ची फिल्म आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून घ्यावीत. गोळ्यांची नावे आठवत नसली तरी पाकीट सगळे सांगते.

सोबत कोणी जावे ?

एकट्याने जाऊ नये. परतताना पाय काही तास बधिर किंवा लटपटता राहू शकतो, म्हणून त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवू नये. दुचाकीवर मागे बसूनही धक्के खात जाण्यापेक्षा रिक्षा बरी.

येथे विद्यार्थ्यांची जबाबदारी येते. आपल्या घरांमध्ये अनेकदा शिकलेली पहिली व्यक्ती ही महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा मुलगा असतो. आई-वडिलांबरोबर, आजीबरोबर तोच रुग्णालयात जातो. संमतीपत्र वाचणे हे त्याचे काम. ते इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगा, असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे. तो रुग्णाचा हक्क आहे. कोणते इंजेक्शन, कोणत्या बाजूला, कोणते औषध, धोके कोणते, दुसरा उपाय आहे का, एकूण खर्च किती आणि शासकीय योजनेत तो बसतो का, हे सात प्रश्न वहीत लिहून न्यावेत. आपल्या घाटी रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ थोडा असतो. लिहून नेलेला प्रश्न दोन मिनिटांत सुटतो, न लिहिलेला घरी येऊन आठवतो.

महावग्गातील चांगल्या परिचारकाची लक्षणेही अशीच आहेत : औषधाची व्यवस्था करता येणे, हितकर-अहितकर जाणणे, लाभाच्या नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मलमूत्राची किळस न मानणे आणि रुग्णाला धीराचे चार शब्द सांगता येणे.

टेबलावर काय होते ?

काय होणार हे ठाऊक असले की निम्मी भीती जाते. रुग्णाला पालथे झोपवून पोटाखाली उशी देतात. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावतात. काही ठिकाणी हाताला सलाइनची सुई लावून ठेवतात. पाठ जंतुनाशकाने पुसतात. ते थंडगार लागते, दचकू नये. मग कापड अंथरतात.

त्यानंतर बधिर करण्याची बारीक सुई. खरी चुणचूण आणि आग होते ती याच वेळी आणि ती काही सेकंदांत थांबते. पुढची मोठी सुई टोचण्यापेक्षा दाबल्यासारखी जाणवते. मधूनमधून यंत्राचा आवाज येतो. डॉक्टर थोडे रंगद्रव्य सोडून सुई योग्य जागी आहे याची खात्री करतात आणि शेवटी औषध सोडतात. औषध जाताना पायात नेहमीचीच कळ किंवा ताण जाणवू शकतो. दुखऱ्या नसेपर्यंत औषध पोचत असताना असे होऊ शकते. बहुतेक वेळा हे सगळे पंधरा ते तीस मिनिटांत आटोपते.

या वेळात नियम एकच : हलायचे नाही, बोलायचे. मान वळवून पाहू नये, हात मागे नेऊ नये. खोकला किंवा शिंक येत असेल तर आधी सांगावे. 'डॉक्टर, डाव्या पायात वीज चमकल्यासारखं झालं,' असे जागा आणि प्रकार दोन्ही सांगणारे वाक्य नुसत्या ओरडण्यापेक्षा शतपटीने उपयोगी असते. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात आवाज आला, जीभ बधिर वाटली, श्वास जड झाला, तर लगेच सांगावे.

मनाची तयारी

संयुत्तनिकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला लागतो तो पहिला बाण. त्यावर शोक आणि भीती करून माणूस स्वतःला मारून घेतो तो दुसरा. पहिला बाण कधीकधी टाळता येत नाही, दुसरा टाळता येतो. आपल्या शहरात १९५० साली परमपूज्य बाबासाहेबांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे ज्या राजा मिलिंदाचे नाव मिळाले आणि ज्या भदंत नागसेनांच्या नावाने नागसेनवन ओळखले जाते, त्या दोघांच्या संवादातही हाच प्रश्न आहे. मुक्त पुरुषाला वेदना होते काय, असे राजा विचारतो. शरीराची होते, मनाची होत नाही, असे नागसेन सांगतात.

आपण अर्हत नाही. तरी पालथे पडल्यावर येणारा-जाणारा श्वास पाहणे कोणालाही जमते. श्वास रोखू नये. नाकाने घ्यावा, हळूहळू सोडावा, सोडताना खांदे आणि मुठी सैल कराव्यात. सुईची वाट पाहत ताठरलेले स्नायू अधिक दुखतात, हे साधे शरीरशास्त्र आहे. घरी आठवडाभर रोज दहा मिनिटे पालथे झोपून याचा सराव केला तर त्या दिवशी मन अनोळखी जागी गेल्यासारखे होत नाही.

मात्र ध्यान हे औषधाला पर्याय म्हणून कोणी सांगू लागला तर त्याचे ऐकू नये. स्वतः तथागतांची पाठ दुखत असे. कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात पाठ दुखते म्हणून त्यांनी आनंदाला उपदेश करायला सांगून स्वतः विश्रांती घेतली, असे मज्झिमनिकायात नमूद आहे. जीवकासारख्या वैद्याची औषधेही त्यांनी घेतली. मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ग्रासलेले बाबासाहेबही डॉक्टरांचे उपचार घेतच अखेरपर्यंत लिहीत राहिले. दुखणे लपवण्यात मोठेपणा नाही.

घरी आल्यानंतर

इंजेक्शननंतर अर्धा ते एक तास निरीक्षणाखाली ठेवतात. पहिल्यांदा उठताना आधार घेऊनच उठावे. त्या दिवशी विश्रांती घ्यावी, पण अंथरुणाला खिळून राहू नये. घरातल्या घरात चालावे.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो पहिल्या तीन दिवसांत. इंजेक्शननंतर काही तास रुग्णाला अगदी बरे वाटते, कारण बधिर करणारे औषध काम करत असते. संध्याकाळी त्याचा अंमल उतरतो आणि दुखणे परत येते, एखादे वेळी पहिल्यापेक्षाही थोडे जास्त. 'पैसे पाण्यात गेले,' असे म्हणून माणूस खचतो. परंतु स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायला दोन-तीन दिवस, कधी आठवडा, क्वचित दोन आठवडेही लागतात. तोवर निर्णय देऊ नये.

टोचलेल्या जागी दुखल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. पहिल्या दिवशी गरम शेक आणि मालीश नको. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलसारखी गोळी घ्यावी. पट्टी दुसऱ्या दिवशी काढून साध्या पाण्याने अंघोळ करता येते, पण एक-दोन दिवस विहिरीत, तलावात डुंबू नये. काही दिवस वजन उचलणे, वाकून हंडा घेणे टाळावे. कामावर कधी जायचे हे कामाच्या स्वरूपावर ठरते. बैठे काम एक-दोन दिवसांत जमते, ओझ्याचे काम डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरू करावे.

चेहरा लालसर व गरम होणे, एक-दोन रात्री झोप न येणे, पाळी मागेपुढे होणे हे स्टेरॉइडमुळे होऊ शकते आणि आपोआप जाते. मधुमेहींनी आठवडाभर साखर अधिक वेळा तपासावी व वाढल्यास डॉक्टरांना कळवावे.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

ताप शंभर अंशांच्या वर जाणे किंवा थंडी वाजून येणे. टोचल्या जागी लाली, सूज, पू. उठून बसले की वाढणारी आणि आडवे झाले की कमी होणारी तीव्र डोकेदुखी. मान आखडणे. पायातील ताकद तासागणिक कमी होत जाणे. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावर ताबा न राहणे. जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा. छातीत दुखणे, धाप लागणे, चेहरा सुजणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि मणक्यात इंजेक्शन घेतले आहे हे प्रथम सांगावे. असे प्रकार क्वचित घडतात, पण घडले तर वेळ मोलाचा असतो.

अपेक्षा किती ठेवावी ?

हे इंजेक्शन सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. नसेभोवतीचा दाह ते कमी करते. पायात उतरणाऱ्या तीव्र कळेसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, तोही काही आठवडे ते काही महिने. नुसत्या साध्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये, असे ब्रिटनच्या शासकीय आरोग्य मार्गदर्शिकेने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१४ साली एपिड्युरल स्टेरॉइडमुळे क्वचित पक्षाघातासारखे गंभीर परिणाम होऊ शकतात, असा इशारा दिला. २०१२ साली तेथेच दूषित स्टेरॉइडच्या बाटल्यांमुळे बुरशीजन्य मेंदुज्वर पसरून साठाहून अधिक माणसे दगावली. म्हणून यंत्राच्या साहाय्याने, निर्जंतुक खोलीत, प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच हा उपचार घ्यावा. खुर्चीत बसवून अंदाजाने सुई घालणाऱ्यापासून दूर राहावे. आणि 'दर महिन्याला घ्या' असे कोणी म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. वर्षातून तीन-चारपेक्षा अधिक वेळा हे स्टेरॉइड सहसा देत नाहीत.

वेदना कमी झाल्याचे जे दिवस मिळतात ते व्यायामासाठी मिळालेले आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्याच काळात फिजिओथेरपीचे व्यायाम शिकून पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट केले, वजन व तंबाखू कमी केली, ओझे उचलताना कमरेऐवजी गुडघ्यात वाकण्याची सवय लावली, तर मिळालेला आराम टिकण्याची शक्यता वाढते. बरे वाटले म्हणून दुसऱ्याच दिवशी पोते उचलणारा आणि भीतीने महिनाभर पलंगावर पडून राहणारा, दोघेही मध्यम मार्ग सोडतात.

आपल्या संस्थेच्या सभासदांनी एवढे तरी करावे. आपल्या वस्तीत कोणाला असे इंजेक्शन सांगितले असेल तर त्याच्या घरी जाऊन ही माहिती वाचून दाखवावी आणि त्या दिवशी त्याच्यासोबत कोणी आहे ना, हे पाहावे. नसेल तर स्वतः जावे.